बंदुकीचा नंबर आणि शिपायाचे नाव

‘थ्री नॉट थ्री’ हे शब्द कानावरून गेले नाहीत असे मराठी घर सापडणे कठीण. ज्याने जन्मात बंदूक धरली नाही त्यानेही ती पोलीस चौकीच्या दारात, खजिन्याच्या पहाऱ्यावर, नाहीतर कॉलेजातल्या एन. सी. सी.च्या कवायतीत पाहिलेली असते. मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावरसुद्धा बुरुजावर भालेवाला मावळा आणि पायथ्याशी खाकी बंदूकवाला, असे दोघे अडीचशे-तीनशे वर्षांचे अंतर विसरून सुखाने नांदत असतात! त्या बंदूकवाल्याची आणि त्याच्या बंदुकीची ही हकीकत.

तीनशे तीन म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचाचे ३०३ सहस्रांश. बंदुकीचे खरे नाव ली-एन्फिल्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. बंदुकीचा बोल्ट आणि काडतुसांची पेटी ही त्याची करामत. एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेचे गाव. तेथे सरकारी बंदुकांचा कारखाना होता. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, ती काडतुसेही एन्फिल्ड नावाच्याच, पण तोंडाकडून ठासावयाच्या बंदुकीची. आपली ली-एन्फिल्ड १८९५ सालची आणि तिचा प्रसिद्ध ‘मार्क तीन’ नमुना १९०७ चा. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत. मूठ उचलावी, मागे ओढावी, पुढे लोटावी, खाली पाडावी, की बंदूक पुन्हा सज्ज. तयार शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार सहज काढी.

या बंदुकीचा आपल्याशी संबंध केवळ ती खांद्यावर वाहण्यापुरता नव्हता. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ पासूनचा. कोलकात्याजवळ ईशापूरला १९०४ साली रायफलींचा कारखाना निघाला, आणि ही साहेबी बंदूक बंगाली, बिहारी कारागिरांच्या हातून घडू लागली.

माझ्याकडे आहे ती ईशापूरचीच. मी उभा जन्म इंग्लंडातल्या टूलरूममध्ये लेथवर काढला आणि निवृत्तीनंतर हा छंद जडला. येथे पोलिसांचा परवाना आणि मान्य क्लबाचे सभासदत्व असले म्हणजे अशी जुनी लष्करी रायफल बाळगता येते, आणि बिस्लेच्या मैदानावर तिचे बारही काढता येतात. १८९० पासून बिस्ले ही येथल्या नेमबाजांची पंढरीच होय. आपल्याकडे मात्र हा लष्करी व्यास सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.

माझ्या रायफलीच्या मुठीजवळ पितळ नव्हे, पोलादी पट्टी आहे. तिच्यावर मुकुट, खाली ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे, मग ईशापूर आणि १९१७ हे साल. इंग्लंडात घडलेल्या बंदुकीवर नुसते ‘जी. आर.’ असते, म्हणजे राजा जॉर्ज. तो तिसरा ‘आय’ म्हणजे ‘इम्परेटर’, सम्राट! आमच्या देशाने त्याला बहाल केलेली पदवी त्याने आमच्याच बंदुकीवर ठोकली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या बंदुकांवरचा तो मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

जुनी बंदूक नवी करणे सोपे असते. तिला जुनी ठेवून धडधाकट करणे कठीण. लाकडाला पॉलिशकागद लावला की संपले! अक्रोडाच्या दस्त्यावर तळहाताने जवसाचे तेल थेंबथेंब जिरवावे, महिनामहिना थांबावे. नळीतल्या पिळाच्या पाच खाचांत जुना गंज असतो, कारण त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळाला की मागे एक क्षार उरे. तो आगरातल्या मिठासारखा ओल ओढून घेई. तेलाने तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपाई बार काढल्यावर नळीत कढत पाणी ओतीत, मग पुलथ्रूच्या दोरीला चिंधी बांधून ओढीत आणि शेवटी तेल देत. मीही तेच करतो. बोल्ट आणि काडतुसाची कड यांतली फट गेज घालून तपासल्याखेरीज मात्र एकही बार काढावयाचा नाही. असली बंदूक फुटली तर ती नेमबाजाच्याच तोंडावर फुटते.

या कामात प्रथम पाहावयाचे ते नंबर. एकच नंबर बंदुकीच्या अंगावर, बोल्टवर, नळीवर आणि पुढच्या टोपणावर ठोकलेला असतो. चारही जुळले तर बंदूक अस्सल. म्हणजे सरकारने प्रत्येक बंदुकीचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवला होता. आणि ती वाहणाऱ्याचा?

पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुटच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकल्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागती आली आणि पुढच्या कैदेत कितीतरी जण वाळवंटातच संपले. त्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याला झाले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी अंमलदाराचेही आहे. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणवार नुसती संख्या! २०२१ साली युद्धस्मारकांच्या आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावीही त्या युद्धातल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे. आकडा लक्षात राहतो, माणसे राहत नाहीत.

बंदुकीला स्वतःचा नंबर आणि शिपायाला तोही नाही! म्हणून दस्त्यावर जेथे गाल टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झाले आहे, तेथे मी हात लावू देत नाही. कारकुनाने ज्याचे नाव लिहिले नाही, त्याची ती सही आहे.

ही बंदूक पुढे फार जगली. १९६२ साली आपले जवान हिमालयात तीच घेऊन लढले, २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईच्या स्थानकात पोलिसांच्या हाती तीच होती, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला तिला निरोप दिला.

पण नावे अगदीच पुसली गेलेली नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर शिपायांना चांदीचा एक आणि काशाच्या रंगाचा एक असे बिल्ले मिळाले. त्यांच्या तोंडावरचे चित्र सोडा, बिल्ला आडवा धरून कड पाहा. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत पणजोबांचा असा बिल्ला ट्रंकेच्या तळाशी असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागला, तर चिंच-मीठ लावून घासू नका. कड झिजली की नाव गेले. त्यापेक्षा भिंग आणा, मुलांना जवळ बसवा आणि ते नाव मोठ्याने वाचून वहीत उतरून ठेवा.