वीस वर्षांच्या महाराजांची डायरी

"रोज रात्री पाच मिनिटं वहीत लिहा, स्वतःला ओळखा" असं सांगणारं रील तुमच्या फोनवरही येऊन गेलं असेल. सल्ला चांगलाच आहे. पण आपल्या कोल्हापुरातल्या एका वीस वर्षांच्या तरुणाने १८७० सालीच रोजनिशी लिहिली होती आणि ती लंडनमध्ये छापूनही आली. ती त्यांना स्वतःला मात्र बघायला मिळाली नाही.

हे म्हणजे छत्रपती राजाराम महाराज, ताराबाईंचे पती नव्हेत, त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी झालेले. जन्म १८५० चा, पाटणकर घराण्यातला, मूळ नाव नागोजीराव. १८६६ मध्ये दत्तक येऊन ते गादीवर बसले. समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानलं जाई त्या काळात, १८७० मध्ये, ते इंग्लंडला गेले. सोबत होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट, कोल्हापुरातलेच इंग्रज अधिकारी. विंडसरला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. परतताना इटलीत आजारपण वाढलं आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये महाराज गेले.

तिथे तेव्हा दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्री बांधली चार्ल्स मँटने, म्हणजे आपला न्यू पॅलेस ज्याने काढला त्यानेच. जवळच्या पुलाला इटालियन लोक 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे 'भारतीया'चा पूल.

आता डायरीकडे येऊ. ती इंग्रजीत आहे आणि १८७२ मध्ये याच वेस्टसाहेबांनी संपादित करून काढली. वाचायला घेतली की आधी निराशाच होते. आज इकडे गेलो, हे पाहिलं, अमुक साहेब भेटायला आले, असंच बरंचसं. घरची आठवण, भीती, राग, एकटेपणा यातलं फार थोडं.

यावर लोक पटकन म्हणतात, "राजे होते, मनातलं कशाला लिहितील?" मला हे तितकंसं पटत नाही. जरा त्यांच्या जागी बसून बघा. भाषा आपली नाही, शिकून घेतलेली आहे. ज्यांच्या देखरेखीत आपण वाढतोय ते साहेब बरोबर प्रवास करतायत. संस्थानाचा कारभार अजून इंग्रजांच्या हातात आहे. अशा वेळी तुम्ही तरी वहीत काय लिहिलं असतं? लॉक नसलेल्या फोनवर आपण जेवढं लिहितो, तेवढंच ना! मला तर त्या कोरड्या नोंदींतच हा तरुण दिसतो. दमला असेल, पाय दुखत असतील, तरी दिवसाचा हिशेब मांडतोय. एका ठिकाणी नोंदी थांबतात आणि पुढची हकिगत वेस्टसाहेबांना सांगावी लागते.

ही डायरी जपायला हवी असं मी का म्हणतो, ते त्यांच्यानंतरच्या महाराजांकडे पाहिलं की कळतं. १८७१ मध्ये आठ वर्षांचे चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. काही वर्षांत त्यांना वेडं ठरवलं गेलं. कुणी ठरवलं? अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी. त्यांचा छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. छापलेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. महाराज स्वतः २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. वय वीस.

म्हणजे वीस-वीस वर्षांचे दोन राजे, दोघांचाही मृत्यू कोल्हापूरपासून लांब. एकाचे रोजचे दिवस, साहेबाच्या हातून का होईना, त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोचले. दुसऱ्याच्या मनाबद्दल जे वाचायला मिळतं ते डॉक्टरांचं, कोर्टाचं, वर्तमानपत्रांचं. त्यांच्यापायी तुरुंगात गेलेल्या आगरकरांनी मात्र आपल्या १०१ दिवसांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. त्यात तुरुंगातलं जेवण आहे, टिळकांशी रंगलेले वाद आहेत. मोकळेपणा बघायचा तर तो तिथे.

महाराजांची डायरी स्कॅन केलेली इंटरनेटवर फुकट मिळते. फक्त शोधताना कोल्हापूरचं जुनं स्पेलिंग टाका, शेवटी पी, डबल ओ, आर. आणि शेवटची पानं आधी उघडू नका.