जवळ बसून घेतलेली परीक्षा

निकालाच्या दिवशी आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती टक्के? आकडा ऐकतो, पेढा तोंडात टाकतो आणि अभिनंदन करून पुढे जातो. त्या आकड्यामागे मुलाला नेमकं काय येतं, हे आपण विचारत नाही आणि गुणपत्रिकाही ते सांगत नाही. एका कॉलेजनं मात्र हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर शोधता शोधता गुण देणंच थांबवलं. त्या कॉलेजची ही गोष्ट.

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथलं अल्व्हर्नो कॉलेज हे मुलींचं कॉलेज. सेंट फ्रान्सिसच्या परंपरेतल्या नन्सनी १८८७मध्ये शिक्षिका घडवण्यासाठी काढलेल्या संस्थेत त्याचं मूळ आहे. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या अनेक मुली इथे शिकल्या.

१९६८मध्ये सिस्टर जोएल रीड या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. त्यांनी प्रत्येक विभागाला विचारलं, तुम्ही असं काय शिकवता, जे हुकलं तर विद्यार्थिनीचं खरोखरच नुकसान होईल? प्रश्न साधा, पण ‘अमुक पुस्तक, तमुक प्रकरणं’ असं त्याचं उत्तर देता येईना. चर्चा हळूहळू ‘काय शिकवायचं’ यावरून ‘मुलीला काय करता आलं पाहिजे’ याकडे वळली. त्यातून आठ क्षमता ठरल्या. संवाद, विश्लेषण, समस्या सोडवणं, मूल्यांचा विवेक, इतरांशी मिळून काम करणं, जगाचं भान, नागरिकत्वाची जाण आणि कलास्वाद. १९७३पासून सगळा अभ्यासक्रम या क्षमतांभोवती रचला गेला आणि ए, बी, सी या श्रेणी बंद झाल्या.

श्रेणी बंद करायला एक ठराव पुरतो. त्यांच्या जागी काय आणायचं, हे अवघड. इथे प्रत्येक क्षमतेच्या सहा पायऱ्या ठरवल्या. पदवीसाठी आठही क्षमतांत निदान चौथी पायरी गाठायची. मुलगी भाषण करी, त्याचं चित्रण होई. निकष तिला आधीच ठाऊक असत. ते समोर ठेवून ती आधी स्वतःचं भाषण स्वतःच तपासे, मग शिक्षिका आपलं मत सांगत. पुढच्या वर्षांत जुनी फीत पाहिली, की आपण कुठून कुठे आलो ते तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. शहरातल्या उद्योग-व्यवसायांतली माणसंही परीक्षक म्हणून येत, तीही स्वेच्छेनं.

सर्वांत मोठा बदल शिक्षकांना करावा लागला. प्रत्येकजण आपल्या विषयाच्या विभागात असेच, शिवाय एखाद्या क्षमतेच्या विभागातही काम करी. शुक्रवारी दुपारी तास ठेवले जात नसत. ती वेळ शिक्षकांनी एकत्र बसण्याची. ‘माझा पेपर, मी तपासला, विषय संपला’ असं म्हणायची सोय उरली नाही. चांगलं उत्तर मी कशाला म्हणतो, हे गणिताच्या शिक्षकाला साहित्याच्या शिक्षकापुढे मांडावं लागलं. परीक्षेची संस्कृती घडते ती अशा बैठकांतून. नुसत्या परिपत्रकानं ती येत नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. शिवाय चांगली पद्धत म्हणजे भरलेली तिजोरी नव्हे. २०२४मध्ये आर्थिक अडचणींमुळे या कॉलेजला अनेक अभ्यासक्रम बंद करावे लागले. पण जोएल रीड यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे जुना होत नाही.

इंग्रजीतला ‘असेसमेंट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ आहे शेजारी बसणं. आपल्या ‘उपनिषद’ या शब्दातही जवळ बसणंच आहे. शेकडो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या आपल्या प्राध्यापकाला प्रत्येक मुलाशेजारी बसणं जमणार नाही, हे खरं. पण वर्षातून एकदा तरी, निकाल लागण्यापूर्वी, ‘तुला यातलं काय जमलं असं तुला वाटतं?’ एवढं विचारायला काय हरकत आहे?