तीन ‘फू’ : चिनी उन्हाळ्याचं शहाणपण आणि त्याचा इतिहास

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. सर्वांत मोठा दिवस येतो २१ जूनच्या सुमारास. मग चीनमधला सर्वांत घामट उकाडा त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी का? जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण चिनी लोकांनी हा उशीर दोन हजार वर्षांपूर्वीच पंचांगात बसवला होता.

तिथले महिने चंद्राचे, शेती मात्र सूर्याची. म्हणून त्यांनी वर्षाचे सूर्यावर आधारलेले चोवीस भाग पाडले. त्यांची संपूर्ण यादी इ.स.पू. १३९ मधल्या ‘हुआइनानझी’ या ग्रंथात मिळते. उन्हाळ्याच्या वाट्याला त्यांतले सहा येतात. शेवटचे दोन ‘लहान उष्मा’ आणि ‘मोठा उष्मा’, दोन्ही जुलैत. आपला शेतकरीही तिथी बाजूला ठेवून मृगाचा हिशोब सूर्यावरूनच करतो ना? अडचण तीच, तोडगाही तसाच.

याच काळात येतात तीन ‘फू’. फू म्हणजे दडणं. दिवस मोजायच्या चिनी चक्रात ‘गंग’ नावाचा दिवस दर दहा दिवसांनी येतो. उत्तरायण संपल्यानंतरच्या तिसऱ्या गंगला पहिला फू लागतो, चौथ्याला मधला, आणि शरद ऋतू लागल्यानंतरच्या पहिल्या गंगला शेवटचा. असे एकूण तीस किंवा चाळीस दिवस.

हे सुरू कसं झालं? इतिहासकार सिमा छियान सांगतो की इ.स.पू. ६७६ मध्ये छिन राज्यात फूचा विधी सुरू झाला. रोगराई अडवायला शहराच्या चारही वेशींवर कुत्र्यांचा बळी दिला गेला. पंचतत्त्वांची उपपत्ती पुढे आली : उन्हाळा अग्नीचा, गंग धातूचा, अग्नी धातूला वितळवतो, म्हणून धातू दडून बसतो. हान काळात फू हा सणही झाला. सम्राट वू त्या दिवशी दरबाऱ्यांना मांस वाटत असे. एकदा वाटणारा अधिकारी येईना, तेव्हा दोंगफांग शुओ या विनोदी दरबाऱ्यानं तलवारीनं आपला वाटा कापला आणि सरळ घर गाठलं! पुढे इ.स. ९४ मध्ये आज्ञा निघाली, की फूच्या दिवशी दारं दिवसभर बंद ठेवावीत. कारण काय दिलं जाई? त्या दिवशी भुतं फिरतात.

म्हणजे पाहा, बळी गेला, भुतं गेली, धातूची उपपत्तीही आज कुणी अक्षरशः घेत नाही. टिकलं ते निरीक्षण : या दिवसांत जपायला हवं. सहाव्या शतकातला त्सुंग लिन फूच्या दिवशी गरम शेवयांचं सूप पिण्याची प्रथा नोंदवतो. उत्तर चीनमध्ये आजही फूला शेवया होतात. घरोघर मुगाचं पाणी उकळतं, आणि उन्हाळ्यात आलं खावं हे तर म्हणीतच आहे.

आता आरोग्याचं बघू. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथाचा उन्हाळ्याबाबतचा सल्ला असा : रात्री उशिरा निजा, पहाटे लवकर उठा, उन्हाचा कंटाळा करू नका, रागावू नका. राजाज्ञा म्हणते दारं लावा, वैद्य म्हणतो उन्हाला नाक मुरडू नका. परंपरा एका सुरात बोलत नाही, हे आपण विसरतो.

हे विसरणं महागात पडू शकतं. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, शेवटच्या फूमध्ये, चोंगछिंगच्या बेइबेइ भागात पारा ४५ अंशांवर गेला. अशा दिवशी ‘प्राचीन शहाणपण’ म्हणून एखाद्या वृद्धाला उन्हात पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तिथे दार लावणंच बरं, भुतं असोत वा नसोत.

मग परंपरेचा मान कसा राखायचा? चीनचंच उदाहरण घेऊ. १६४५ च्या पंचांगसुधारणेत या चोवीस भागांची गणितं बदलली. आधी वर्षाचे समान तुकडे पाडत. नंतर सूर्याचं आकाशातलं प्रत्यक्ष स्थान धरू लागले. नावं तीच राहिली, मोजणी सुधारली. त्यानं परंपरा बुडाली नाही. २०१६ मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

आम्हाला वाटतं, जुन्या लोकांनी जसं आभाळाकडे पाहिलं, तसं आपणही पाहावं. त्यांनी काढलेलं प्रत्येक अनुमान उचलायची गरज नाही. मुगाचं पाणी मात्र खुशाल प्या.