स्मर्ना, प्राचीन
पश्चिम तुर्कस्तानातील एक प्राचीन ग्रीक किनारी वसाहत. तिचे अवशेष इझमीर शहराच्या बायराक्ली भागातील टेकाडात आढळतात. प्राचीन काळी हे स्थळ इझमीरच्या आखातात शिरलेले एक लहान द्वीपकल्प होते. पुढे ओढ्यांच्या गाळाने किनारा दूर सरकला. येथे इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकापासून वस्ती होती. ग्रीक लोक इ. स. पू. दहाव्या शतकाच्या सुमारास आले. हे नगर प्रथम इओलियन ग्रीकांकडे होते. ते कॉलफनच्या आयोनियन निर्वासितांनी बळकावले, असे हीरॉडोटस सांगतो. होमरची जन्मभूमी म्हणून दावा सांगणाऱ्या नगरांत स्मर्नाची गणना होते.

येथे १९३० मध्ये ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी अल्पसे उत्खनन केले. विस्तृत उत्खनन १९४८–५१ दरम्यान अथेन्स येथील ब्रिटिश पुरातत्त्व संस्था व अंकारा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे केले. जॉन कुक व एक्रेम आकुर्गल हे त्याचे प्रमुख होते. आकुर्गल यांनी १९६६ पासून ते पुढे चालू ठेवले.

उत्खननात लंबवर्तुळाकार घरे, कच्च्या विटांची तटबंदी, अथीना देवीचे मंदिर आणि विपुल मृत्पात्रे मिळाली. तटबंदीचा सर्वांत जुना टप्पा इ. स. पू. नवव्या शतकातील असून ग्रीक नगरांच्या ज्ञात तटबंदींत तो फार प्राचीन मानला जातो. लिडियाचा राजा अल्याटीझ याने इ. स. पू. सु. ६०० मध्ये नगर जिंकले, असे हीरॉडोटसने नोंदविले आहे. तटाला भिडवून रचलेला वेढ्याचा मातीचा चढ व बाणांची टोके यांमुळे या वृत्तांतास पुष्टी मिळाली. याउलट, नगर उद्ध्वस्त झाल्यावर रहिवासी सु. चारशे वर्षे खेड्यांत विखुरले होते, हे स्ट्रेबोचे विधान जसेच्या तसे टिकले नाही. कारण त्या मधल्या काळातील वस्तीचे अवशेषही टेकाडावर सापडले. हेलेनिस्टिक काळात नगर पॅगोस टेकडीच्या परिसरात नव्याने वसविण्यात आले.

विनाशाच्या थरातील कॉरिंथियन मृत्पात्रांना ज्ञात ऐतिहासिक घटनेचा आधार लाभल्याने, त्या शैलीच्या कालनिश्चितीत हे स्थळ महत्त्वाचे ठरले. उत्खननाइतकेच त्याचे प्रकाशनही दीर्घकाळ चालले. ब्रिटिश पथकाचे प्रारंभिक अहवाल १९५८–५९ च्या वार्षिकांकात आले. आकुर्गल यांचा ग्रंथ १९८३ मध्ये, तर कुक व निकल्स यांचा अथीना मंदिरांवरील ग्रंथ कुक यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुक्त उत्खनन चार वर्षांत आटोपले. त्याचा अर्थ लावण्यास मात्र अर्धशतक लागले.