प्रयोग संगणकावर, आखणी संख्याशास्त्राची

मोटारीची धडक, अणुभट्टीतील बिघाड किंवा पृथ्वीचे बदलते हवामान यांचे प्रत्यक्ष प्रयोग खर्चिक, धोकादायक वा सर्वस्वी अशक्य असतात. अशा वेळी शास्त्रज्ञ त्या घटनेचे गणिती प्रारूप संगणकावर चालवून पाहतात. हाच संगणकीय प्रयोग. असे प्रयोग कोणते आणि किती करावेत, हे ठरविण्याचे काम संख्याशास्त्राचे आहे.

शेतातले नियम अपुरे

प्रयोगांच्या आखणीचे आधुनिक शास्त्र आकाराला आले ते शेतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात त्याचा पाया घातला. जमिनीचा कस सर्वत्र सारखा नसल्याने एकच खत अनेक वाफ्यांत वापरायचे आणि ते वाफे यदृच्छेने निवडायचे, हा त्यांचा दंडक. संगणकाचे तसे नाही. बहुतेक प्रारूपांत तेच आकडे पुन्हा दिले की तेच उत्तर येते. पुनरावृत्तीतून नवे काहीच हाती लागत नाही.

वेळेचे गणित

प्रारूपात १० घटक असले आणि प्रत्येकाची तीनच मूल्ये तपासायची म्हटली, तरी ५९,०४९ प्रयोग होतात. प्रत्येकाला एक तास लागल्यास साडेसहा वर्षेही पुरणार नाहीत. मायकेल मॅके, रिचर्ड बेकमन आणि विल्यम कॉनोव्हर यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘लॅटिन हायपरक्यूब’ पद्धत येथे कामी येते. १०० प्रयोग करायचे असल्यास प्रत्येक घटकाचा पल्ला १०० समान भागांत विभागायचा, प्रत्येक भागातून एकदाच मूल्य घ्यायचे आणि निरनिराळ्या घटकांची मूल्ये यदृच्छेने एकमेकांशी जोडायची. काम चार-पाच दिवसांत आटोपते आणि कोणत्याही घटकाच्या पल्ल्यातील एकही भाग अस्पर्शित राहत नाही. पुढे १९९० च्या दशकात या पद्धतीला भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या ‘ऑर्थोगोनल अ‍ॅरे’ची जोड मिळाली. त्यामुळे घटकांच्या जोड्याही समतोलपणे तपासता येऊ लागल्या.

खाणीतून आलेले सूत्र

न केलेल्या प्रयोगांच्या उत्तरांचा अंदाज बांधण्याचे तंत्र मूळचे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतले. मोजक्या ठिकाणच्या नमुन्यांवरून मधल्या जागेतील सोन्याचा अंदाज घेण्याची रीत डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये मांडली. जेरोम सॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तीच दिशा धरून संगणकीय प्रयोगांची आखणी व विश्लेषण यांची सांगड घातली. या पद्धतीत अंदाजाबरोबर त्यातील संभाव्य चूकही कळते.

मात्र प्रारूपच सदोष असेल, तर कितीही प्रयोग केले तरी तो दोष आपोआप उघड होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मोजमापांशी ताळा घ्यावाच लागतो. धरणाची वा अणुभट्टीची सुरक्षितता ठरविताना हा ताळा टाळणे परवडणारे नाही.