पोलादाची परीक्षा

सुरीची धार अंगठ्यावर कळते. कांदा चिरताना तर घरातल्या लहान मुलालाही कळते. पण सुरीचा चिवटपणा कळायचा कसा? तो कळण्याची खरी वेळ म्हणजे ती मोडण्याची वेळ. त्यामुळे चाकू-सुऱ्यांच्या इतिहासात धारेचे कौतुक उदंड सापडते, चिवटपणाची परीक्षा मात्र फारशी आढळत नाही.

या इतिहासात आपल्या मुंबईचे नाव एका मोठ्या मौजेच्या प्रसंगाने आले आहे. 1794 साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदी पोलादाचे काही नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. सोबतच्या पत्रात त्यांनी कळवले, की हे पोलाद विलक्षण कठीण आहे. इकडे त्याच्या छिन्न्या, कानशी, करवती करतात. पण किंचित लालीपलीकडे ते ताव सोसत नाही, त्यामुळे लोहार अगदी जेरीस येतो. या पोलादाला तिकडे 'वूट्झ' म्हणू लागले. कानडीतल्या 'उक्कु'चा हा अपभ्रंश असावा, असे बहुतेक जाणकार मानतात.

1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि मथळ्यातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे लिहून टाकले! वास्तविक ते मुशीत शिजे म्हैसूर, सेलम, तेलंगण अशा दक्षिणेकडच्या गावांत. मुंबईचे काम फक्त जहाजावर चढवण्याचे. ज्या लोहारांनी भट्टीपुढे अंग भाजून ते केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या निबंधात नाही. आपल्याकडे तरी ते कोणी टिपून ठेवले? असो.

बँक्स यांच्या सांगण्यावरून स्टोडार्ट नावाच्या नामांकित कारागिराने त्यातल्या एका तुकड्याचा लेखणी तासायचा चाकू घडवला. केवळ अंधारात दिसेल एवढ्याच लालीवर त्याने तो ठोकला. पाणी दिले, धार लावली, आणि इंग्लंडातल्या उत्तमातल्या उत्तम चाकूइतका तो कापू लागला. याची धार अधिक बारीक होईल नि अधिक टिकेल, शस्त्रवैद्यांच्या हत्यारांना ते फार उपयोगी पडेल, असे त्याचे मत झाले. पुढे हाच स्टोडार्ट लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेला हाताशी धरून पोलादावर प्रयोग करीत बसला. 1819 साली फॅरडेने वूट्झचे पृथक्करण केले, पण त्या गुणाचे श्रेय मातीतल्या ॲल्युमिनाला दिले. मोठ्या माणसांचे अंदाजही असे चुकतात! खरी करामत मुख्यतः कार्बनची होती. वूट्झमध्ये तो शेकडा एकाहून अधिक असे.

पण वाचकहो, ही सारी परीक्षा धारेची झाली. कार्बन वाढला की धार टिकते आणि पाते ठिसूळही होते. लेखणी तासणाऱ्याला त्याची फिकीर नाही. लाकूड तोडणाऱ्याला आहे. आमच्या गावचा लोहार कोयत्याच्या धारेलाच पाणी देई, पाठ मऊ ठेवी. विचारले तर म्हणे, "पाठीनं मार खायचा, धारेनं कापायचं."

हेच तत्त्व 1976 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी'ने परीक्षेला बसवले. उमेदवाराने मुठीत पक्का बसवलेला सुरा स्वतः घडवायचा; पाते दहा इंचांहून लांब नको. एका घावात एक इंच जाडीचा लोंबता दोर तुटला पाहिजे. मग दोन-बाय-चार इंची लाकूड त्याच सुऱ्याने दोनदा तोडायचे. धारेला खाच पडता कामा नये. इतकेच नव्हे, तर त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पाते शेगड्यात आवळून काटकोनात वाकवायचे. मोडून दोन तुकडे झाले, की उमेदवार नापास. कठीणपणा नि चिवटपणा या दोन सवतींना एकाच पात्यात नांदवल्याशिवाय हे साधत नाही.

उत्तीर्ण झालेला सुरा मात्र बहुधा वाकडाच राहतो. त्याने पुन्हा काही कापता येत नाही.