प्रकाशीय उपकरणांची निगा (कागल पंचतारांकित एमआयडीसी)

कोल्हापूर जिल्ह्यात कागल व हातकणंगले तालुक्यांत पसरलेल्या या औद्योगिक वसाहतीत भिंगे, आरसे वा खिडक्या असलेली नाजूक उपकरणे मुख्यतः दोन जागी आढळतात: फाउंड्रीची प्रयोगशाळा व मशीन शॉपची स्टँडर्ड रूम.

धूळ : फाउंड्रीची धूळ म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट व कोळशाची पूड. सिलिकाची कठिनता मोस मापावर 7, भिंगाच्या काचेची बहुधा त्याहून कमी; त्यामुळे कोरडे पुसले की काचेवर चरे पडतात. आधी रबरी फुग्याची हवा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याचे थेंब लेन्स टिश्यूवर घ्यावेत; भिंगावर टाकल्यास ते कडेने बैठकीत शिरतात. कॉम्प्रेसरच्या लाइनमधून हवेबरोबर तेल-पाणीही येते, म्हणून ती वर्ज्य. तोंडाची वाफ सोडून पुसावे की नाही, याबाबत एकमत नाही.

स्पेक्ट्रोमीटर : ओतकामाचा सारा भरवसा धातूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या या यंत्रावर असल्याने त्याची निगा सर्वांत महत्त्वाची. भट्टीतून घेतलेल्या चिल सॅम्पलवर (झटकन थंड केलेल्या नमुन्यावर) आर्गॉनमध्ये स्पार्क देताना धातूची वाफ उडते व स्पार्क स्टँडच्या आतील खिडकीवर काळपट थर बसतो. हा थर आखूड तरंगलांबीचा प्रकाश आधी अडवतो. कार्बनची 193, गंधकाची 181 व फॉस्फरसची 178 नॅनोमीटरच्या आसपासची रेषा नेमकी याच भागात येते. त्यामुळे लोहाच्या रेषा ठीक दिसत असताना कार्बन मात्र कमी दिसतो; भट्टीवाला कार्बुरायझर (कार्बन वाढवणारा पदार्थ) वाढवतो आणि हीट (वितळवलेल्या धातूची खेप) बिघडते. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडात) गंधक कमी दिसल्यास मॅग्नेशियमचा हिशेब चुकतो. खिडकी पुसल्यावर ठराविक नमुन्यांवर यंत्राची दुरुस्ती (ड्रिफ्ट करेक्शन) केल्याखेरीज रिपोर्ट देऊ नये. घाईत नेमकी ही दुरुस्तीच टाळली जाते. स्टँडमधील काळी पूड, इलेक्ट्रोडचे टोक व आर्गॉनची शुद्धता (सामान्यतः 99.999 टक्के) यांकडेही पाहावे लागते. सॅम्पलवर ओल वा तेल असल्यास स्पार्क फसतो.

सूक्ष्मदर्शक : नायटलने (नायट्रिक आम्ल व अल्कोहोलचे मिश्रण) एच केलेला नमुना अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय ऑब्जेक्टिव्हखाली नेऊ नये; आम्लाची वाफ भिंगाचा लेप खाते. ॲसिटोन बैठकीतील सिमेंट व रंग विरघळवते.

बुरशी : पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ 65-70 टक्क्यांवर राहिली की बंद पेटीतील भिंगावर बुरशीचे तंतू पसरतात. पुसून तंतू जातात, पण त्यांच्या आम्लाने कोरलेला लेप भरून येत नाही. पेटीतील निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरतात. चामड्याचे खोके टाळावे.

ऑप्टिकल फ्लॅट (सपाटपणा तपासण्याची काच) : वस्तूवर घासत सरकवू नये, उचलून ठेवावा.

प्रोफाइल प्रोजेक्टर : कूलंटचा तवंग बसलेला जॉब धुऊनच टेबलावर घ्यावा.

थिओडोलाइट व इतर सर्वेक्षण उपकरणे : भिजलेली पेटीत बंद करू नयेत.